गाडग्यांच्या टेकाडाचे सुरतेतले मालक

आमच्या खानदेशात ज्या घरातलं एकही माणूस सुरतेत नाही, असं घर दाखवा आणि माझ्याकडून पेढे घेऊन जा. तरी मी मात्र साठी उलटेपर्यंत सुरत पाहिली नव्हती. एसटीत कंडक्टर होते मी. नवापूरपर्यंत गाडी घेऊन जायची, समोर गुजरात दिसायचं, आणि तेवढ्यात ड्रायव्हर गाडी वळवायचा. निवृत्त झाल्यावर लेक म्हणाला, "आई, काशीला जाऊन ये." म्हटलं, काशी राहू दे, ती कुठे पळून जात नाही. यंदाच्या उन्हाळ्यात गेले ती सुरतेला, आणि गेले ते एका टेकाडापायी.

आमचं गाव नदीकाठी आहे. नाव सांगत नाही, उगाच खजिना खणणारे यायचे. गावाबाहेर राखाडी मातीचं एक टेकाड आहे. पावसात माती वाहिली की त्यातून खापरं उघडी पडतात, म्हणून त्याला गाडग्यांचं टेकाड म्हणतात. ती खापरं नदीच्या पाण्यावर फेकून भाकऱ्या काढत आमच्याकडच्या कितीतरी पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाइपलाइनचा चर टेकाडाच्या कडेनं गेला आणि त्यात दोन मोठी मडकी निघाली, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आत लहान लेकराची हाडं. गावात बोंब उठली, पोलीस आले, पंचनामा सुरू झाला. मग विद्यापीठातल्या एक बाई आल्या, चरात उतरल्या, थोडा वेळ नुसत्या बघत बसल्या आणि फौजदाराला म्हणाल्या, "तुम्ही गेलात तरी चालेल. ही केस तीन हजार वर्षं जुनी आहे."

बाई ब्रशनं माती झाडत होत्या आणि मी त्यांच्यावर दिवसभर छत्री धरून उभी होते. त्यांनी सांगितलं ते असं. लोखंड ठाऊक नव्हतं त्या काळची ही वस्ती. लेकरू गेलं तर त्याला लांब नेत नसत. दोन मडक्यांत निजवायचं आणि घरातल्याच जमिनीखाली ठेवायचं, त्यावरच पुन्हा सारवायचं आणि राहायचं. या टेकाडात अशी किती असतील कोण जाणे. मी घरी आले, पण भाकरी गोड लागेना. आयाबाया लेकरं पुरून त्याच जागी स्वयंपाक करत होत्या, आणि आपण त्यावर शेळ्या चारतो!

पुरातत्त्व खात्याच्या साहेबांकडे मी चार हेलपाटे मारले. साहेब भला माणूस. म्हणाले, टेकाडाला संरक्षित स्मारक करता येतं, पण आधी नोटीस निघते, हरकती मागवतात. मालकांनीच हरकत घेतली तर प्रकरण लोंबकळतं. मालकांची संमती आणा, मग मी पुढचं बघतो. आता मालक म्हणजे कोण? माझ्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे ती तीन भावंडं, आणि तिघंही सुरतेत. त्यांनी ती माती एका वीटभट्टीवाल्याला देऊन टाकली होती. भट्टीवाला गावभर सांगत फिरत होता, "आखाजी झाली की जेसीबी लावतो." आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार दिवसांवर आलेली. फोन केले तर तिघंही गोड बोलायचे आणि ठेवून द्यायचे. मी पिशवी भरली.

भेस्तान

अमळनेरहून गाडीत बसले, उधन्याला उतरले. मधलं काय सांगू? गर्दी, ऊन आणि माझ्या मांडीवर एक मातीची घागर. ही घागर थोरल्या भावाच्या बायकोनं फोनवर मागवली होती. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात आणि सुमनबाईंचं म्हणणं, सुरतेच्या घागरीला आपल्या मातीचा वास नाही. व्याऱ्यापर्यंत तिला लेकरासारखी सांभाळली. पुढे एका बुवानं वरच्या फळीवरून बॅग ओढली, ती नेमकी घागरीवर. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्या बुवानं उधन्यापर्यंत पुन्हा बॅगेला हात लावला नाही.

भेस्तानला रघुनाथनाना राहतात. सत्तरीला आलेले, आयुष्य मागावर गेलं, म्हणून कानानं अधू. त्यांच्या गल्लीत शिरले आणि क्षणभर वाटलं, गाडीनं मला गोल फिरवून गावीच सोडलं की काय. दाराशी कुरडया वाळत पडलेल्या, ओट्यावर बाया अहिराणीत भांडतायत, पलीकडच्या घरातून ठेच्याचा ठसका. फरक एवढाच की मागून यंत्रमागांचा आवाज सतत, रात्र नाही दिवस नाही. मला वाटलं, या आवाजात झोप लागायची नाही. सुमनबाई म्हणाल्या, त्यांना गावी गेल्यावर लागत नाही.

"बठा वहिनी, पानी प्या पहिले," नाना म्हणाले. पाणी झालं, चहा झाला. सुरतेचा चहा पुदिना घालून करतात. मला आधी वाटलं, भाजीचं पाणी चुकून पडलं. मग विषय काढला. नाना ऐकत होते, मान डोलवत होते. मी उत्साहात पिशवीतून फोटो काढले, चरातल्या मडक्यांचे, आणि तिथेच घोळ झाला.

सुमनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, एका फोटोवर त्यांची नजर गेली आणि त्या किंचाळल्याच. "वहिनी! सणाच्या तोंडावर मेलेल्या लेकराचे फोटो माझ्या घरात? सून पोटुशी आहे माझी!"

मला मेलीला हे सुचायला हवं होतं. आखाजीच्या आठवड्यात पितरांसाठी घर सारवून तयार ठेवतात, त्यात परक्याचं मरण आणायचं नाही, हे मला का ठाऊक नाही? पण साहेबांपुढे, सरपंचापुढे फोटो दाखवून दाखवून माझा हात सरावला होता. फोटो मुकाट्यानं पिशवीत गेले ते गेलेच. सुमनबाईंनी दारात पाणी शिंपडलं, वर मला म्हणाल्या, "आता जेवायला वाढते, हात धुवा." अशी माणसं!

जेवताना नानांनी नकार दिला. शांतपणे, माझ्या ताटात पिठलं वाढता वाढता. "सरकारी पाटी लागनी का जमीन मरी गयी, वहिनी. ना खोदता येत, ना काही. अन् तठे काय ऱ्हायनं आते?" मी म्हटलं, जमीन तुमच्याच नावावर राहते, फक्त तिला खणायचं नाही. ते म्हणाले, न खणता जमिनीचं करायचं काय? मग म्हणाले, "अन् माझं एकट्याचं नाही. सिंधूचं नाव आहे, भरतचं नाव आहे. त्यांना विचारा."

"विचारते," मी म्हटलं. "आणि विचारून इथेच येते. तिघांची सही झाल्याशिवाय मी गावी जात नाही."

"राहा ना," नाना हसले. "आखाजी करूनच जा."

पर्वत पाटिया

दुसऱ्या दिवशी सिंधूकडे. सुरतेची सिटी बस पाहून घेतली. जन्मभराची सवय, चढल्या चढल्या नजर कंडक्टरकडे जाते. पोरगा चांगला होता, पण दारात उभ्या माणसांना आत सरकवत नव्हता. मला राहवलं नाही. "आत चला, आत चला, मध्ये जागा आहे!" मी ओरडले. सगळी बस सरकली. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

पर्वत पाटियाचा चौक म्हणजे माणसांपेक्षा साड्या जास्त. टेम्पोत साड्यांचे गठ्ठे, स्कूटरवर गठ्ठे, डोक्यावर गठ्ठे, आणि हातगाडी ओढणाऱ्याच्या मागे एक गठ्ठा स्वतःच चालतोय असं वाटलं, तर त्याखाली माणूस निघाला. आपल्याकडे लग्नात नेसतो त्यातली निम्मी चमक इथल्या बायकांच्या बोटांतून निघते. सिंधूच्या दोन खोल्यांच्या घरात जमिनीवर साडी पसरलेली होती आणि ती डिंकाच्या थेंबावर टिकली चिकटवत होती. माझ्याशी बोलताना हात थांबला नाही.

सिंधू तिघांत मधली. पन्नाशीची, हसरी, पण तोंडाची फटकळ. तिनं आधी मला लोचो खायला घातला. लोचो म्हणजे खमण करायला गेले आणि बसलं नाही, असं दिसतं. वर लोणी, शेव, कांदा. दिसायला काही नाही, पण मी दोनदा घेतला आणि तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही याचं मला जरा वाईटच वाटलं.

"वहिनी, खरं सांगू?" ती म्हणाली. "माती देताना मला कोणी विचारलंच नाही. बहीण म्हणून सही मागितली, मी दिली. आता तुम्ही सही मागताय, तुम्हालाही देईन. पण दोघा भावांच्या मध्ये मला उभी करू नका. माहेर म्हणजे मला आता ते दोघंच राहिलेत."

"माहेर म्हणजे ते टेकाडही आहेच की तुझं."

"टेकाड मला आखाजीला बोलवत नाही," ती पटकन म्हणाली आणि पुढची टिकली उचलली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सिंधू कितीतरी वर्षांत गावी आली नव्हती. तिची आखाजी म्हणजे दुपारी भेस्तानला भावाच्या घरी जेवण आणि संध्याकाळी पुन्हा टिकल्या.

फुटलेल्या घागरीची भरपाई करायची होती, म्हणून दुपारी ती मला घागर घ्यायला घेऊन गेली. रस्त्याकडेला आखाजीसाठी हातगाड्या लागल्या होत्या, पण घागरी रंगवलेल्या, त्यांवर पांढरी नक्षी. मी वाजवून वाजवून एक बिनरंगाची निवडली. विक्रेता गुजरातीत काहीतरी पुटपुटला. सिंधूला विचारलं, काय म्हणतो? म्हणाली, "म्हणतो, या आजी घागर घेतायत की लेकीसाठी नवरा बघतायत?" भर उन्हात आम्ही दोघी हसत सुटलो. परतताना ती एकदम म्हणाली, "भरतला पटवा. तो हो म्हणाला तर मी तुमच्या बाजूनं बोलेन." तेवढं मला पुरेसं होतं.

कामरेज

भरत धाकटा. कामरेजला साड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे त्याचा. तिथे जाताना हायवेच्या दोन्ही बाजूंना ऊस, केळी, मध्येच गोदामं. पुढे तापी लागली. मी रिक्षावाल्याला थांबवून खाली उतरले. आमची गावची नदी तापीलाच मिळते, म्हणजे हे पाणी आमच्या दारावरूनच आलेलं. इथे तापी रुंद आणि सुस्त. गावी उन्हाळ्यात आम्ही नदीत झरे खणून पाणी भरतो आणि इथे ती भरलेली, जणू आमच्याकडून जाताना सगळं घेऊन आली. मला खरंच तिचा राग आला. रिक्षावाला म्हणाला, "माजी, दर्शन थया? चालो."

भरत नुसता गोड. "आवो आवो वहिनी, बेसो." गुजराती, हिंदी, मराठी सगळं एकाच वाक्यात. उसाचा रस मागवला, कारखाना दाखवला. पुठ्ठा कापणारं यंत्र, डिंकाचा वास, छपाई केलेल्या खोक्यांवर नटलेली बाई. मी सगळ्याचं कौतुक केलं. मनापासून केलं, कारण ज्या पोराला मी एसटीत पास नसताना रडताना पाहिलं होतं, त्यानं हे उभं केलं होतं. मग टेकाडाचं काढलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"वहिनी, मी धंदेवाला माणूस आहे. सीधी वात करतो, सरळच. तुमचं शेत टेकाडाला लागून. पाटी लागली की रस्ता येणार, गाड्या येणार, तुमच्या जमिनीचा भाव वाढणार. आमची माती अडकणार आणि तुमचं सोनं होणार. बराबर?"

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षांत खाकी अंगावर असताना कोणी मला पैशावरून बोललं नव्हतं. मी उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवला. "भरत, ऐक. स्मारकाच्या भोवतीही परवानगीशिवाय काही बांधता येत नाही, खणता येत नाही. त्या पट्ट्यात सगळ्यात आधी माझं शेत येतं. माझ्या विहिरीची जागा ठरली होती. ती आता सुटली. पहिली सही माझी आहे या संमतीच्या कागदावर, बघ. माझ्या लेकानं महिनाभर माझ्याशी अबोला धरला. आणि तू मला भाव सांगतोस?"

तो कागदाकडे बघत राहिला. यंत्रावरचे कामगारही थांबले होते. "मग कशाला करता हे सगळं?" तो हळू आवाजात म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"गाडीत लेकरू घेऊन बाई चढली की मी कोणालाही उठवून तिला जागा द्यायचे," मी म्हटलं. "आमदाराच्या माणसाला उठवलंय. त्या टेकाडात लेकरं निजलीत. त्यांच्या आयांनी जागा बघून निजवलीत. त्यांना कोणी उठवायचं नाही, एवढंच मला कळतं."

भरत मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला, पाण्याची बाटली घेऊन दिली. जाताना म्हणाला, "नाना हो म्हणाले तर मी ना नाही म्हणणार. पण भट्टीवाल्याला शब्द नानांनी दिलाय, नानांनीच परत घ्यावा." म्हणजे नाना म्हणतात भरतला विचारा, सिंधू म्हणते भरतला पटवा, भरत म्हणतो नाना. बसमध्ये बसल्यावर मला हसू आलं आणि रडूही. पण एक बरं झालं. आता तिघांची मिळून एकच गाठ उरली होती.

पुन्हा भेस्तान, आखाजी

आखाजीच्या सकाळी सुमनबाईंच्या घरात मला कामाला जुंपलं. मी आणि त्यांची सून कुरडया तळत होतो, सुमनबाई खापरावर, म्हणजे मातीच्या पालथ्या तव्यावर, मांडे करत होत्या. खापर सुरतेत आणून ठेवलंय त्यांनी! हातावर पुरणाचा मांडा एवढा मोठा फिरवतात की कोपरापर्यंत लोंबतो. आमरसाला इथला आंबा मला जरा पाणचट वाटला, बोलले नाही. बोलले असते तर आणखी एक वादाचा मुद्दा.

दुपारपर्यंत सिंधू आली, भरत आला. घागर भरली. पाण्यानं काठोकाठ, वर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोरी. मग नाना उंबऱ्याशी बसले. आमच्याकडची ही रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उंबरा धुऊन घेतात. घरातला कर्ता माणूस ओल्या कुंकवात बोट बुडवतो आणि गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत उंबऱ्यावर एकेक बोट ओढतो. मागच्या पिढीपासून आठवेल तितकं मागे जायचं. नावं संपली की हात जोडायचे.

नानांनी सुरुवात केली. बाप, माय, आजा, आजी, चुलते. एकेक लाल रेघ उठत होती. भेस्तानचा तो सिमेंटचा उंबरा, बाहेर मागांचा आवाज, आणि आत आमच्या गावची गेलेली माणसं एकामागून एक येऊन बसत होती. माझे सासरे नानांच्या बापाचे मित्र, त्यांचंही नाव नानांनी घेतलं. माझे डोळे भरून आले. नावं संपली. मग नानांनी पुन्हा कुंकवात बोट बुडवलं आणि अगदी कडेला, काही न बोलता, आखूडशी एक रेघ ओढली.

"हे कोणाचं नाना?" भरतनं विचारलं. "मी लहानपणापासून बघतोय. मायही ओढायची."

"ऱ्हावू दे," नाना म्हणाले.

"सांगा ना," सिंधू म्हणाली. "मायला मी विचारलं होतं, तिनं मला गप्प केलं होतं."

नानांनी कुंकवाची वाटी बाजूला सरकवली. मग मराठीतच, सावकाश, एकेक शब्द तोलून बोलले. "तुमच्या दोघांच्या आधीची. आपली बहीण. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव नाही. वडील कामाला बाहेर होते. मायनं तिला लुगड्यात गुंडाळलं, मला बरोबर घेतलं आणि टेकाडाच्या पायथ्याशी ठेवलं. माती मी लोटली. मी एवढासा होतो."

सिंधूनं तोंडाला पदर लावला. भरत उठून उभा राहिला. "आणि तरी तुम्ही ती माती भट्टीला दिली नाना?"

"अरे, इतला वरीस व्हयनात!" नाना एकदम मोठ्यानं म्हणाले. कानानं अधू माणसाचा आवाज तसाही मोठा, पण हा रडका होता. "केवढीशी होती ती. काय राहिलं असेल? मी स्वतःला हेच सांगितलं. माती व्हयी गयी व्हई. कवळी हाडं. काहीच नसेल आता तिथे."

मी बोलायचं नव्हतं. त्यांचं घर, त्यांचा सण, त्यांचं मेलेलं लेकरू. पण मी छत्री धरून उभी होते त्या दिवशी, आणि नानांना जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. सुमनबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यानंच हो म्हटलं.

"नाना," मी म्हटलं, "त्या मडक्यात दात होते. दुधाचे. हिरडीतून वर यायचेच होते अजून, तांदळाच्या कण्यांएवढे. विद्यापीठातल्या बाईंनी ते तळहातावर घेऊन मला दाखवले. तीन हजार वर्षं झाली त्यांना, नाना. एकही माती झाला नव्हता."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या लाल बोटाकडे. ते रडले ते असे की सुमनबाई धावल्या, सिंधू धावली आणि तिघं त्या उंबऱ्यावरच बसून राहिले. भरत दारात पाठमोरा उभा होता. थोड्या वेळानं त्यानं खिशातून फोन काढला आणि भट्टीवाल्याला लावला. नानांच्या हातात दिला. नाना फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "जेसीबी नही. नही म्हंजे नही." पलीकडून बरंच ओरडणं ऐकू येत होतं. नानांना अर्धं ऐकू येत नव्हतं, हे त्या दिवशी बरंच झालं.

सह्या जेवणानंतर झाल्या. सणाच्या दिवशी कागद नको, असं मीच म्हटलं होतं, पण सुमनबाई म्हणाल्या, आजच करा. मांडे पोटभर खाल्ले. रात्रभर मागांच्या आवाजात मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी चहासाठी सुमनबाईंना मला हलवून उठवावं लागलं.

परतल्यावर

भट्टीवाल्यानं गावात माझ्या नावानं खूप शिमगा केला. करू दे. खात्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. दोनदा कोणीतरी फाडली, दोन्ही वेळा मी नवी आणून चिकटवली. हरकतींची मुदत संपली. एकही हरकत आली नाही. लेक पुन्हा बोलायला लागला आहे, विहिरीसाठी परवानगी मागायची असते तिचा अर्ज तोच लिहितो आहे. मिळेल तेव्हा मिळेल.

दिवाळीनंतर साहेब मोजणी करायला आले, बरोबर हद्दीचे दगड आणि पहार घेतलेली दोन माणसं. मी तिन्ही भावंडांना कळवलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. पण नाना आले. सुरतेहून एकटे, काठी टेकत. सिंधूनं त्यांच्याबरोबर तिच्या हातची एक साडी पाठवली होती, माझ्यासाठी, टिकल्यांची. मी त्यांना घोंगडीवर बसवलं, तर बसेनात.

नकाशाप्रमाणे पहिला दगड टेकाडाच्या पायथ्याशी, नानांच्या आणि माझ्या शेतांमधल्या बांधाजवळ यायचा होता. माणसानं पहार उचलली आणि नाना पुढे होऊन त्या जागेवर उभे राहिले.

"आठे नही," ते म्हणाले.

साहेबांनी कारण विचारलं. मी हळूच सांगितलं. साहेब मवाळ झाले, टोपी काढून म्हणाले, "आजोबा, तुम्ही नेमकी जागा दाखवा. तेवढी सोडून शेजारी रोवतो."

नानांनी पायथ्यावरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खापरं, बोरीची झुडपं, शेळ्यांच्या वाटा.

"नक्की जागा याद नही माले," ते म्हणाले. "म्हनीसन आठे कोठेच नही."

पहारवाला साहेबांकडे बघत उभा राहिला. साहेब नकाशाकडे. मी बांध ओलांडून माझ्या शेतात गेले, नुकताच हरभरा उगवला होता त्यात उभी राहिले आणि म्हटलं, "दगड इथे रोवा."